वाचून दाखविले, बरोबर आहे

“साहेब, मी आत न्हाई गेले. खरं दारातच करपल्याचा वास आला. तव्यावर भाकरी तशीच. तवाच मला कळालं, घरात कोण न्हाई.”

कागल भागातली एक बाई साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून हे बोलली, त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. न्यायाधीशांनी मला मजकूर सांगितला, मी टाइप केला : ‘घटनेच्या वेळी घरात कोणीही हजर नव्हते.’ त्याखाली नेहमीची ओळ, ‘वाचून दाखविले, बरोबर आहे.’ बाईनं अंगठा उठवला, पदर सावरला आणि ती गेली.

यात कुणाची चूक नव्हती. कोर्टातला जबाब असाच लिहायचा असतो, नाहीतर एकेक खटला दहा वर्षं चालेल. पण ती भाकरी कागदावर उतरली नाही, ती माझ्याजवळच राहिली. ज्वारीची भाकरी तव्यावर करपायला किती वेळ लागतो हे कोल्हापुरातल्या कुठल्याही बाईला विचारा. त्यावरून घरातलं माणूस नेमकं कधी उठून गेलं ते जवळजवळ मिनिटात सांगता आलं असतं. कुणी विचारलं नाही, कारण कागदावर भाकरी नव्हतीच.

मी एकतीस वर्षं कोर्टात लघुलेखक होते. त्यातली बहुतेक कोल्हापुरात सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या इमारतीत गेली, जिथं ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं. निवृत्तीनंतर मी एक रहस्यकादंबरी लिहायला घेतली. १९५६ सालच्या गोव्यातली, म्हणजे सालाझारच्या हुकूमशाहीतली. साडेचार वर्षं लागली. ती कशी लिहून झाली आणि कुठं कुठं अडली, ते इथं लिहिते आहे. कारण अडण्याच्या त्या जागांनीच मला सगळ्यात जास्त शिकवलं.

गोवाच का, हे मला पुष्कळांनी विचारलं. कोल्हापूरच्या माणसाला गोवा म्हणजे शेजारघर. आजरा, आंबोली, घाट उतरला की सावंतवाडी, बांदा आणि मग पत्रादेवी. शनिवार-रविवारी पोरं गाड्या भरून जातात. निवृत्तीनंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मीही बहिणीबरोबर चालले होते. पत्रादेवीला गाडी थांबली, चहा घेतला आणि पाय मोकळे करायला म्हणून हुतात्मा स्मारकापाशी गेले. १५ ऑगस्ट १९५५ ही तारीख वाचली. त्या दिवशी या सीमेवरून आणि तेरेखोलकडून निःशस्त्र सत्याग्रही आत शिरले आणि पोर्तुगीज पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. नाना गोरे, मधू लिमये, सेनापती बापट ही गोवा सत्याग्रहातली नावं मला पाठ होती. पण त्या दिवशी तिथं उभी असताना मनात आलं ते वेगळंच. सत्याग्रही आले, काही मेले, बाकीचे परत गेले किंवा तुरुंगात गेले. इथल्या गावात राहणाऱ्या माणसाचं काय? त्याला तर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्याच पोलीसचौकीसमोरून बाजाराला जायचं होतं.

आपल्याकडं १९५० ला संविधान आलं, १९५२ ला मतदान झालं. त्याच काळात आंबोलीच्या घाटाखाली, एसटीनं काही तासांच्या अंतरावर, माणसाला सभा घ्यायची परवानगी नव्हती आणि छापायचा प्रत्येक मजकूर आधी सेन्सॉरला दाखवावा लागत होता. सालाझार १९३२ मध्ये पोर्तुगालचा पंतप्रधान झाला, १९३३ मध्ये त्यानं ‘नवं राज्य’ नावाची राजवट उभी केली. १९६१ च्या १९ डिसेंबरला गोवा सुटला, खुद्द पोर्तुगालला मात्र २५ एप्रिल १९७४ पर्यंत थांबावं लागलं. म्हणजे ज्या राजवटीनं गोव्याला दाबलं तिनं स्वतःच्या माणसांनाही तेवढंच दाबलं होतं. हे मला लिहिताना फार उशिरा उमगलं आणि उमगल्यावर माझ्या कादंबरीतला एक पोर्तुगीज शिपाई पार बदलून गेला.

पहिल्या मसुद्याबद्दल थोडक्यात सांगते. त्यात मुंबईहून आलेला एक खासगी गुप्तहेर होता. हुशार, निर्भय, चटकन निष्कर्ष काढणारा. लहानपणी भाड्याच्या वाचनालयातून आणून वाचलेल्या गोष्टींतला नायकच मी उचलून पणजीत नेऊन ठेवला होता. पुण्याच्या एका प्रकाशकानं तीन ओळींच्या पत्रासह ते बाड परत पाठवलं. वाईट वाटलं, पण मसुदा वाईटच होता. काय चुकलं हे मला कळलं ते त्या पत्रावरून नाही, रंकाळ्यावर एका निवृत्त हवालदारांकडून कळलं.

ते जुन्या बुधवार पेठेत राहतात. कोर्टात आरोपींना घेऊन यायचे, तेव्हापासूनची ओळख. संध्याकाळी रंकाळ्याच्या काठावर बसून मी त्यांना पहिली पन्नास पानं वाचून दाखवली. ते शेंगा खात ऐकत होते. शेवटी म्हणाले, “ताई, हा तुमचा हेर लोकास्नी प्रश्न इचारतोय आणि लोक उत्तर द्यायल्यात. का द्यायल्यात?”

मी म्हटलं, “का म्हणजे? खून झालाय.”

“खून कुणी केलाय म्हणून लोकास्नी वाटतंय?”

“पोलिसांनीच, असा संशय आहे.”

“मग? पोलिसांनी खून केलेल्या गावात परका माणूस येऊन इचारतोय, आणि बाई त्याला च्या देऊन सगळं सांगत्या? आमच्यासारख्या साध्या हवालदाराला बघून बी लोक तोंड मिटून बसायचं.”

घरी येऊन मी सगळी बाडं कपाटात ठेवली. रहस्यकथेचा पायाच असा असतो की माणसं कधी खरं, कधी खोटं, पण बोलतात. तपास करणारा त्या बोलण्यातून खरं-खोटं निवडतो. जिथं कुणी बोलतच नाही, किंवा बोलतात ते फक्त भीतीपोटी, तिथं तपास कशाचा करायचा? १९५४ च्या फेब्रुवारीत एका मेजवानीत गोवा म्हणजे पोर्तुगालच, अशा अर्थाचं भाषण झालं. डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी तिथल्या तिथं निषेध केला. एवढ्यावरून त्यांना अटक झाली आणि थेट पोर्तुगालला पाठवलं गेलं. एका शब्दाची ही किंमत. असं असताना बेतीच्या फेरीबोटीवरचा तांडेल माझ्या हेराला ‘त्या रात्री मी काय पाहिलं’ हे का सांगेल?

आठ-नऊ महिने मी काही लिहिलं नाही. फक्त वाचत राहिले. पणजीला पाटो भागात कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे. त्याची परंपरा १८३२ पर्यंत मागं जाते. तिथं मी पाच वेळा जाऊन राहिले. पोर्तुगीज येत नव्हतं. एक निवृत्त गोवेकर शिक्षिका शेजारी बसून मला जुन्या ‘ओ हेराल्दो’चे अंक वाचून दाखवायच्या. १९५६ चा अंक उघडला की जाहिराती, जहाजांच्या वेळा, मृत्यूच्या बातम्या, गव्हर्नर जनरलचे कार्यक्रम. अटकेचा एक शब्द नाही. त्या म्हणाल्या, “बाय, हांगा जें ना तें वाच.” इथं जे नाही ते वाच. हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

या वाचनात पहिल्या मसुद्यातल्या चुका एकेक करून वर आल्या. माझा हेर मोटारीनं मांडवीचा पूल ओलांडत होता. मांडवीवरचा पहिला पूल गोवा मुक्त झाल्यानंतर बांधला. तोवर बेतीहून पणजीला जायचं ते होडीनं किंवा फेरीबोटीनं. ही चूक दुरुस्त करताना मला कादंबरीतली सगळ्यात महत्त्वाची जागा मिळाली. नदी पार करणारा प्रत्येक माणूस कुणाच्या तरी डोळ्यांसमोर पार होतो, रात्री शेवटच्या फेरीनंतर कुणालाच जाता येत नाही. माझी पात्रं एस्कुदो मोजत होती. एस्कुदो १९५८ नंतर आला, त्याआधी तिथं रुपिया आणि टांगा चालत, सोळा टांग्यांचा एक रुपिया. आणि एका ठिकाणी मी खुन्याला ‘तू फासावर जाशील’ असं बजावलं होतं. पोर्तुगालनं साध्या गुन्ह्यांसाठीची फाशी १८६७ मध्येच रद्द केली होती! ते कळलं तेव्हा मी बराच वेळ तशीच बसून राहिले. कायद्याच्या पुस्तकात फाशी नाही, म्हणून ते राज्य अभिमान बाळगणार. आणि त्याच राज्यात माणूस पोलिसांच्या ताब्यात जिवाला मुकणार. कायद्याचं पुस्तक आणि कोठडी यांच्यामधली ही फट, हाच माझ्या कथेचा मुलूख होता.

आपल्याकडचा पुरावा कायदा मी रोज हाताळला होता. १८७२ च्या त्या कायद्याचं कलम २५ अगदी छोटं होतं : पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. गोऱ्या सरकारनं केलेला कायदा, पण त्यांनाही ठाऊक होतं की चौकीत माणूस काय म्हणतो आणि का म्हणतो. सालाझारच्या राजकीय पोलिसांची, १९४५ साली उभ्या राहिलेल्या ‘पीदे’ची, सगळी इमारतच त्या कबुलीवर उभी होती. कैद्याला तासन्‌तास, दिवसच्या दिवस पुतळ्यासारखं उभं ठेवायचं, झोपू द्यायचं नाही. गोव्यात सत्याग्रह्यांच्या हातांवर पालमातोर चालायची, भोकं असलेली लाकडी फळी. हवालदारांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “कबुलीसाठी न्हाई ओ मारत. नावांसाठी मारत्यात.” तेही मी वहीत लिहिलं.

आणि मग एके दिवशी दुपारी, जेवून अंथरुणावर पडले असताना, कागलची ती बाई आठवली.

गोव्यातल्या कोर्टाची भाषा पोर्तुगीज. साक्षीदार बोलणार कोकणी किंवा मराठी. मग मध्ये कोण? दुभाषा! माझा तपास करणारा माणूस हेर नव्हताच. तो म्हापशाच्या कोर्टातला दुभाषा होता. पन्नाशीचा, भित्रा, संसारी, दमेकरी. तो कुणाला काही विचारत नाही. विचारणारे दुसरे असतात, साक्षीदार त्यांना घाबरून उत्तरं देतात, आणि हा ती पोर्तुगीजमध्ये सांगतो. सांगताना काही शब्द गळतात. काही न्यायाधीश गाळतो, काही पोलीस गाळायला लावतात, काही हा स्वतः भीतीनं गाळतो. दिवसभर गळलेले शब्द तो रात्री घरी येऊन एका वहीत लिहितो. एवढाच त्याचा तपास. करपलेल्या भाकऱ्यांची वही.

हे सुचल्यावर मी उठून चहा केला आणि रात्री साडेअकरापर्यंत लिहीत बसले.

ती वही त्यानं कोणत्या लिपीत लिहावी याचा मी बराच विचार केला. देवनागरी धोक्याची. मोडी हे उत्तर कोल्हापुरानंच दिलं. इथल्या पुराभिलेखागारात मोडी रुमालांचे ढीग आहेत आणि शहरात मोडी शिकवणारे, वाचणारे लोक आहेत. मी तीन महिने वर्गाला गेले. हात न उचलता ओळ लिहीत जायचं, शिरोरेघ आधी ओढायची, शब्द तोडायचे नाहीत. पन्नाशीचा हिंदू कारकून १९५६ मध्ये मोडी सहज लिहीत असणार आणि लिस्बनहून आलेल्या अधिकाऱ्याला ती म्हणजे वेलबुट्टी वाटणार. पण ज्या कारकुनाशेजारी हा बसतो त्याला ती येते. सगळा धोका शेजारच्या खुर्चीत आहे. मी स्वतः मोडी शिकले नसते तर ते प्रकरण तोंडदेखलं झालं असतं. दम्यानं हात थरथरतो तेव्हा मोडीची ओळ कुठं फाटते, हे मी माझ्याच वहीत बघितलं होतं.

मेलेला माणूस कोण, हे त्यानंतर ठरलं. छापखान्यातला जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे जुळवून मजकूर बसवणारा.

स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणींत एक तक्रार पुन्हा पुन्हा येते, की साधी लग्नपत्रिका छापायची तरी सेन्सॉरची मंजुरी लागायची. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा नुसतं चकित होऊन पुढं गेले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा थबकले. लग्नपत्रिकेत काय असतं? नावं, गाव, जागा, दिवस, वेळ. गुप्त निरोपाला याहून जास्त काय लागतं?

निरोप निरोप म्हणून ओळखू यायचा तर पत्रिकेत काहीतरी खटकलं पाहिजे, पण ते फक्त आपल्या माणसाला. महाद्वार रोडवर आमच्या ओळखीचे एक गुरुजी आहेत. त्यांच्या माळ्यावर वडिलांच्या वेळची पंचांगं गठ्ठा बांधून ठेवलेली. १९५६ चं मिळालं. गुरुजी पानं उलटत होते आणि मी विचारलं, “गुरुजी, लग्न कधी लावत नाहीत?” त्यांनी गुरु-शुक्राचे अस्त सांगितले, चातुर्मास सांगितला. मग थांबून म्हणाले, “पितृपंधरवड्यात तर लग्नाचं नावसुद्धा कुणी काढणार नाही.” पंचांगात बघितलं. त्या वर्षीचा पितृपक्ष सप्टेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. मी एक तारीख निवडली : गुरुवार, २७ सप्टेंबर १९५६.

माझ्या कादंबरीत त्या तारखेचं लग्न लावणारी एक पत्रिका सेन्सॉरकडून मंजूर होऊन येते. श्रीगणेश प्रसन्न, कुलस्वामिनीचं नाव, आपले नम्र, सगळं जागच्या जागी. पोर्तुगीज अधिकाऱ्याला काही कळत नाही. हिंदूच्या हातात पडली की अंगावर काटा येतो.

हे सुचलं म्हणून मी दोन दिवस आनंदात होते. तिसऱ्या दिवशी माझ्याच मनानं अडवलं. सेन्सॉरच्या कचेरीत मराठी मजकूर वाचतो कोण? पोर्तुगीज अधिकारी नाही. वाचणारा कारकून इथलाच. त्याला पितृपक्ष कळतो. मग त्यानं शिक्का का मारला?

या एका प्रश्नावर सगळी कादंबरी उभी राहिली. तो आपला होता म्हणून त्यानं डोळेझाक केली? की त्यानं मंजुरी मुद्दाम दिली, म्हणजे त्या दिवशी त्या जागी कोण कोण जमतं ते वरच्यांना बघता यावं? की घरी आजारी मूल होतं आणि त्यानं त्या दिवशी न वाचताच शिक्का मारला? बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. शिक्का एकच असतो. उत्तर काय, ते कादंबरी वाचणाऱ्यासाठी ठेवते.

आधीच्या मसुद्यात खलनायक होता तो गोव्यातल्या पोर्तुगीज पोलिसांतल्या एजंट मोंतेरोवर बेतलेला. कासिमिरो मोंतेरोची दहशत गोव्यातले म्हातारे लोक आजही आवाज खाली आणून सांगतात. हाच माणूस पुढं पीदेत गेला आणि १९६५ मध्ये सालाझारचे विरोधक जनरल उंबेर्तो देलगादो यांच्या स्पेनच्या सीमेजवळच्या हत्येत त्याचा हात होता. असा माणूस मिळाल्यावर लेखकाला मोह होतोच. मी त्याच्यावर चाळीस पानं लिहिली होती, ती सगळी काढून टाकली. त्याच्यासारखा राक्षस पुस्तकात आला की वाचक सगळं पाप त्याच्या नावावर टाकून मोकळा होतो. राजवट मात्र रोज दहाला कचेरीत येऊन शिक्का मारणाऱ्या माणसावर चालते. मी एकतीस वर्षं कचेरीत काढली आहेत, त्या माणसाच्या डब्यात काय भाजी असते इथपर्यंत मला ठाऊक आहे. मोंतेरोचं नाव आता पुस्तकात दोनदाच येतं आणि दोन्ही वेळा ते ऐकून कुणीतरी बोलायचं थांबतं.

जुळाऱ्याचं काम बघायला मात्र गोव्याला जावं लागलं नाही. शिवाजी पेठेत एका जुन्या छापखान्यात ट्रेडल मशीन अजून जागेवर आहे. मालकांनी धूळ झटकून केस उघडल्या. एकेका खणात एकेक अक्षर. देवनागरीला इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त खण लागतात, कारण जोडाक्षरं वेगळी, काना-मात्रा वेगळ्या. जुळारी डाव्या हातात स्टिक, म्हणजे खिळे ओळीत लावायची पट्टी, धरून उजव्या हातानं न बघता खिळे उचलतो आणि ओळ उलटी वाचतो. छपाई झाली की खिळे धुऊन परत आपापल्या खणात टाकायचे. मालक म्हणाले, “बाई, रात्री खिळं खणात गेलं की सकाळी काय छापलं होतं ते देवाला बी कळायचं न्हाई.”

म्हणजे छापलेल्या मजकुराचा पुरावा रोज रात्री मोडून ठेवणारा हा धंदा. आणि मेलेल्या जुळाऱ्याच्या स्टिकमध्ये एक ओळ तशीच राहिलेली सापडते, खणात न गेलेली. पोलीस ती मुद्देमालात घेतात, पण कुणाला उलटी वाचता येत नाही म्हणून ‘शिशाचे तुकडे, नग एकोणतीस’ अशी नोंद होते. मी एवढे पंचनामे टाइप केले आहेत की ही नोंद लिहिताना मला क्षणभरही थांबावं लागलं नाही. नग मोजायचे, वजन करायचं, अर्थ विचारायचा नाही.

आंबोलीचा उल्लेख केला नाही तर मला चैन पडणार नाही, जरी पुस्तकात ते प्रकरण लहानच आहे. १९५५ च्या २५ नोव्हेंबरला वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या जंगलातून ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ हे गुप्त नभोवाणी केंद्र सुरू केलं. पुढं ते कॅसलरॉकला नेलं आणि गोवा सुटेपर्यंत चालू ठेवलं. आपण धबधबे बघायला जातो त्या आंबोलीतून. मी मुद्दाम ऑगस्टमध्ये तिथं जाऊन तीन दिवस राहिले. पिशवीतली वही दुसऱ्या दिवशी मऊ पडली, काड्यापेटी पेटेना, अंगावरचा कपडा वाळेना. अशा पावसात ते यंत्र, ते कागद, त्या बॅटऱ्या कशा जपल्या असतील! कादंबरीत जुळाऱ्याची बायको रात्री गोधडी डोक्यावर घेऊन शेजारच्या घरातला रेडिओ भिंतीला कान लावून ऐकते. तो आवाज भिंतीतून येताना शब्द गळत येतो. तिला अर्धंच ऐकू येतं, पण ऐकल्याची शिक्षा पूर्ण होऊ शकते.

शेवट मात्र जुळेना. दोन वर्षं जुळला नाही.

दुभाषाला अखेर सगळं कळतं. कुणी मारलं, का मारलं, शिक्का का पडला. वहीत सगळं आहे. पण ते सांगायचं कुणाला? एरवीच्या रहस्यकथेत शेवटी सगळे एका खोलीत जमतात, गुन्हेगाराकडं बोट दाखवलं जातं, पोलीस बेड्या घालून नेतात. इथं बेड्या ज्यांच्याकडं आहेत त्यांच्याकडंच बोट आहे. मी त्याला लष्करी न्यायालयात उभं करून बघितलं. गोव्यात राजकीय खटले चालत ते अशाच न्यायालयात. गोव्याच्या मुक्तिलढ्यातले पुढारी त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांना १९४६ मध्ये तिथंच आठ वर्षांची शिक्षा ठोठावून पुढं पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात पाठवलं होतं. तिथं माझा भित्रा दुभाषा एकदम वीरपुरुषासारखं बोलायला लागला. ते खोटं होतं. मी फाडलं.

मग मी वही सीमेपार पाठवली. सत्याग्रहानंतर भारतानं रेल्वे बंद केली होती, वकिलात बंद केली होती, सीमेवर कडक पहारा होता. वही आंबोलीला पोचते आणि रेडिओवरून वाचली जाते, असं लिहिलं. चार पानं बरी वाटली. पण मग ज्या साक्षीदारांचे शब्द वहीत आहेत त्यांचं दुसऱ्या दिवशी काय होईल? तेही फाडलं.

तिसरा शेवट म्हणजे १९ डिसेंबर १९६१. भारतीय सैन्य येतं, दुभाषा वही एका अधिकाऱ्याच्या हातात देतो. हा मला आवडला होता. तो मी एका ज्येष्ठ वकीलसाहेबांना वाचायला दिला. खासबागेजवळ त्यांचं ऑफिस आहे, माझी निम्मी नोकरी त्यांची उलटतपासणी टाइप करण्यात गेली. त्यांनी बाड परत देताना चष्मा काढून विचारलं, “मॅडम, त्या अधिकाऱ्यानं वही घेतली. पुढं?”

“पुढं संपलं, साहेब.”

“आरोपी कुठं आहे?”

“लिस्बनला गेला असणार.”

“साक्षीदार?”

“एक वारला. एक आफ्रिकेत गेला.”

“मग वही घेऊन तो अधिकारी काय करणार? फायलीला लावणार. तुम्ही आणि मी फायलीच बघितल्यात की आयुष्यभर.” मग थोडं थांबून म्हणाले, “त्या वहीवर पहिला हक्क कुणाचा आहे, बघा.”

त्या रात्री बसनं कसबा बावड्याला घरी येताना मला तो हक्क कुणाचा ते कळलं. एकतीस वर्षं मी खालची ती ओळ टाइप करत आले होते. वाचून दाखविले, बरोबर आहे. किती वेळा खरंच सावकाश वाचून दाखवलं? किती वेळा साक्षीदारानं अंगठा उठवताना मान फक्त डोलावली? जुळाऱ्याच्या बायकोचा जबाब १९५६ मध्ये पोर्तुगीजमध्ये लिहिला गेला, तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं आणि तरी त्याखाली तिचा अंगठा आहे. तो जबाब दुभाषानं स्वतः केला होता. माझ्या कादंबरीतलं खरं उरलेलं काम तेवढंच होतं.

म्हणून आता शेवटच्या प्रकरणात १९६२ चा उन्हाळा आहे. दुभाषा पायऱ्या चढून, दम खात, तिच्या घरी जातो. ती फणसाचे गरे सोलत बसलेली आहे, हाताला तेल लावलेलं. तो वही उघडतो आणि तिचाच सहा वर्षांपूर्वीचा जबाब, गळलेल्या शब्दांसकट, तिच्याच बोलीत तिला वाचून दाखवतो. ती सोलायचं थांबत नाही. मध्ये एकदाच डोळे पुसते, तेही कोपरानं, कारण हात चिकट आहेत. वाचून झाल्यावर तो विचारतो, बरोबर आहे का?

इथं ती काय म्हणेल, यावर माझे दोन महिने गेले. रडेल, शाप देईल, खुन्याचं नाव विचारेल, गप्प राहील, हे सगळं लिहून बघितलं. प्रत्येक वेळी ते तिचं नसून माझं वाटायचं. मग एक दिवस शिवाजी पेठेतल्या त्या छापखान्यात पुन्हा गेले. मालक सांगत होते की शेवटचा जुळारी गेला तेव्हा दवाखान्याच्या कागदावर ‘व्यवसाय’ या रकान्यात कुणीतरी ‘मजुरी’ लिहिलं आणि त्याच्या मुलीनं तो कागद बदलून घेतला होता.

घरी येऊन मी उभ्याउभ्याच लिहिलं. दुभाषा विचारतो, बरोबर आहे का. ती गऱ्यातली आठळी बाजूला ठेवते आणि म्हणते, “एक चुकलां. मजूर न्हय. जुळारी. तशें बरय.”

तो पेन काढतो, मजूर खोडतो आणि वर जुळारी लिहितो.